उघडी चेसी

रात्र सरत आलेली असते, पण उजाडलेलं नसतं. एम. एम. शाळेच्या चौकात चहाची पहिली भट्टी नुकती पेटलेली असते. रात्रपाळीच्या बसेस अजून परतायच्या असतात आणि पवनेवरून येणाऱ्या वाऱ्याला जलपर्णीचा कुबट, ओला वास असतो. अशा वेळी एम्पायर इस्टेटच्या उड्डाणपुलावरून काळेवाडीत उतरणारं एक विचित्र वाहन कधीकधी दिसतं. त्याला दार नाही, काच नाही, टप नाही, हौदा नाही. पुढे इंजिन, त्यामागे स्टिअरिंग, मग मागे लांबत गेलेले दोन लोखंडी पट्टे आणि खाली चाकं. संपलं. स्टिअरिंगपाशी फळी नाहीतर खोकं बांधून त्यावर एक माणूस बसलेला. अंगात जाड जाकीट, कानटोपी, नाकातोंडावर गुंडाळलेलं उपरणं, डोळ्यांवर गॉगल. त्याच्या मागे तसंच आणखी एक, कधी दोन. काळेवाडी फाट्यावर ती वळतात, डांगे चौकाकडून बायपासला लागतात आणि जातात, कुठल्यातरी गावच्या बॉडीवाल्याच्या दारात उभी राहायला.

आता हे दृश्य विरळ झालंय. बहुतेक ट्रक केबिनसकटच कारखान्याबाहेर पडतात. बसचे सांगाडे मात्र अजून असे उघडेवाघडे निघतात. त्यांवरचा माणूस पाहिला की मला त्याची काळजी वाटते आणि थोडा हेवाही. पाऊस आला तर त्याला आडोसा नाही. पण इतकी मोठी गाडी हाकताना रस्ता, आभाळ, झाडं असं सगळं अंगाला लागून जाणारा दुसरा ड्रायव्हर कुठे असणार?

आमच्याकडे या वाहनाला चेसी म्हणतात. कुणी चासी म्हणतं, कुणी चेसिस, आणि जरा जुनी माणसं च्याशी. रूप कुठलंही घ्या, ती स्त्रीलिंगीच. ‘चेसी आली’, ‘चेसी वाकली’, ‘चेसीला तडा गेलाय’. जुनी गाडी घ्यायला जाणारा काळेवाडीकर रंग, सीट, टेप असल्या गोष्टी नंतर बघतो. आधी तो गुडघ्यावर बसून मान तिरकी करून खाली बघतो. चेसीला वेल्डिंग दिसलं की उठतो, पँट झटकतो, ‘कळवतो’ म्हणतो आणि पुन्हा फोन करत नाही. आमच्या शेजारचे आबा तीस-एक वर्षं ट्रकच्या असेंब्ली लाइनवर होते. निवृत्तीनंतर त्यांची कंबर धरली तेव्हा डॉक्टरांनी मणक्याचं काहीतरी लांबलचक नाव सांगितलं. आबांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, “इंजिन बरं आहे, चेसी बेंड झालीय.” सगळ्यांना कळलं.

ट्रकच्या चेसीत तसं गूढ काही नसतं. दोन लांब तुळया असतात, त्यांना लाइनवर लाँग मेंबर म्हणतात. त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. जोड बहुतेक रिव्हेटचे, कारण सतत हिसके खाणाऱ्या सांगाड्यात वेल्डिंग तडकण्याची भीती जास्त आणि रिव्हेटचा जोड किंचित लवतो. सगळं मिळून आडवी पाडलेली शिडी दिसते, म्हणून इंजिनियर तिला लॅडर फ्रेम म्हणतात. आबांचं म्हणणं, चेसीचं काम ताठ राहण्याचं नाही, तिनं पीळ खाल्ला पाहिजे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरं दगडावर असताना जी चेसी थोडी मुरगळत नाही ती मोडते. हे ते अगदी कोरड्या आवाजात सांगतात. त्यातून संसारावर वगैरे काही काढायला गेलात तर ऐकूनही घेत नाहीत.

या शिडीवर पुढे काय उभं राहील ते तिला ठाऊक नसतं. एकाच मापाच्या चेसीवर कुठे टँकर बसतो, कुठे कचऱ्याचा डंपर. एसटीच्या लाल बसची चेसी कंपनीची आणि बॉडी महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा नाहीतर नागपूरच्या कार्यशाळेत बांधलेली, असं वर्षानुवर्षं चालत आलं. दापोडी तर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ही रीत फक्त ट्रक-बसची आहे असं समजू नये. दुसऱ्या महायुद्धापर्यंत रोल्स रॉइस गाडीसुद्धा कारखान्यातून चेसी म्हणूनच विकली जाई. गिऱ्हाईक ती घेऊन बग्ग्या बांधणाऱ्या कारागिराकडे जाई आणि आपल्या मर्जीनं वर डोलारा उभारून घेई. आपल्याकडच्या संस्थानिकांनी त्यात काय काय हौस केली ते सगळ्यांना माहीत आहे. खाली तीच दोन लांब पोलादं.

हे सगळं मी इतकं बोलतोय, पण माझा धंदा पोलादाचा नाही. मी मुद्रितं तपासतो. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वारांत आयुष्य गेलं. त्यामुळे घरात कुणाला शब्दाची अडचण आली की माझ्याकडे पाठवतात. मध्यंतरी भाचा आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेला, चाकणच्या एका कंपनीत मुलाखत ठरलेली. हातातली फाइल नुसती उघडझाप करत बसला आणि शेवटी म्हणाला, “मामा, तुम्ही सांगा. शॅसी म्हणायचं की चेसिस?”

मी विचारलं, आतापर्यंत काय म्हणत होतास? म्हणाला, घरी चेसी, कॉलेजात चेसिस. पण एका मित्राला मुलाखतीत कुणी तरी मध्येच थांबवून ‘इट्स शॅसी’ असं ऐकवलं होतं. त्यानंतर तो मित्र पुढचं काही धड बोलूच शकला नाही. बोलता बोलता जिभेखाली खडा यावा तसं झालं असणार. एमआयडीसीच्या पट्ट्यात हा खडा पुष्कळांच्या जिभेखाली असतो. ज्या वस्तूवर माणूस आयुष्यभर रिव्हेट मारतो तिचं नावच त्याला म्हणता येत नाही, असं कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून ठरवतं. शब्दकोशाप्रमाणे बघायचं तर इंग्रजीत ‘शॅसी’ बरोबर आहे. लिहिताना शेवटी एस आहे, म्हणताना नाही. एकवचनात नाही, अनेकवचनात म्हणे आहे. या असल्या सोयीच्या मौनाचं कारण एकच, शब्द फ्रेंच आहे. तोही तिकडे पुल्लिंगी.

भाच्याला तेवढ्यावर सोडायचं होतं, पण कोश उघडला की मला तो मिटता येत नाही.

फ्रेंचमध्ये शासी म्हणजे चौकट. खिडकीची, चित्राच्या कॅनव्हासची, कसलीही. तो शब्द आला शास या शब्दावरून, म्हणजे पेटी. त्याच्या मागे लॅटिन काप्सा, पुन्हा पेटीच. आणि काप्साच्या मागे एक क्रियापद, कापेरे, म्हणजे धरणं, घेणं. जे धरून ठेवतं ते. आता या काप्साबाईंचा गोतावळा बघा. कोर्टातली नाही, पण चष्म्याची केस तिची. दुकानातली कॅश तिची, कारण ज्या पेटीत पैसे ठेवायचे त्या पेटीचं नाव पुढे पैशांनाच पडलं. आपणही गल्ला म्हणतो तेव्हा कधी डबा असतो, कधी आतली रक्कम. कॅप्सूल म्हणजे छोटी काप्सा. पवनेपलीकडे पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स सुरू झाली. त्या औषधाच्या कारखान्यातली कॅप्सूल आणि चिंचवडच्या ट्रकच्या कारखान्यातली चेसी एकाच आजीच्या नाती निघतील हे कुणाच्या ध्यानीमनी असणार? कॅसेट म्हणजेही छोटी पेटीच. पूर्वी ट्रकच्या केबिनमध्ये कॅसेट वाजायची तेव्हा खाली मोठी बहीण आणि वर धाकटी, अशी गाडी चालायची.

शास या शब्दाला फ्रेंचमध्ये एक खास अर्थ आहे आणि तो मला फार आवडतो. संतांच्या अस्थी ज्या पेटीत जपून ठेवतात ती पेटी. मध्ययुगात फ्रान्सातल्या लिमोज गावचे कारागीर तांब्याच्या पेट्यांवर निळ्या मिन्याचं काम करत. आकार छोट्या घराचा, वर उतरतं छप्पर. सणाला ती पेटी खांद्यावर घेऊन मिरवणूक निघे. हे वाचून आपल्याला गोवा आठवायला हवा. जुन्या गोव्याच्या बासिलिकेत सेंट फ्रान्सिस झेवियरचा देह ज्या चांदीच्या पेटीत आहे ती सतराव्या शतकात गोव्याच्याच सोनारांनी घडवली. 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत ते अवशेष पुन्हा लोकदर्शनाला बाहेर काढले होते, आणि ‘गोंयच्या सायबा’च्या रांगेत सगळ्या धर्मांची माणसं होती.

आणि गोव्यापर्यंत तरी कशाला जायचं? आमच्या काळेवाडीतून जो रुंद रस्ता निघतो तो देहू-आळंदीचं नाव सांगतो. दर ज्येष्ठात देहूहून तुकोबांची पालखी निघते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. 1685 साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी हा सोहळा सुरू केला. पालखीत असतात पादुका. पालखी रथात ठेवतात, रथाला बैल जुंपतात. त्या दिवशी पिंपरी-चिंचवडमध्ये कारखान्याच्या फाटकाशी कामगार गणवेशातच रांग लावून उभे असतात आणि रथाच्या लाकडाला हात लावून तो कपाळाला नेतात. रथाचा खालचा भाग दिवसभर बघून आबांनी एकदा शेरा मारला होता, “चेसी मजबूत आहे.” आम्ही हसलो होतो. फ्रेंच व्युत्पत्तीला स्मरून सांगायचं तर आबा उलटीकडून बरोबर होते. जी पेटी पूज्य वस्तू धरते तिचं नाव आधी, ती पेटी धरणाऱ्या चौकटीचं नाव नंतर.

बैलगाडीला स्वतःची चेसी होतीच की. काळेवाडी, रहाटणी, थेरगाव ही तेव्हाची शेतकऱ्यांची गावं, दारोदार गाड्या होत्या. गाडीच्या त्या चौकटीला साटा म्हणत. आज काळेवाडीत जन्मलेल्या पोराला साटा माहीत नाही, चेसी माहीत आहे. याचं मला फार दुःख होत नाही. गाडीच गेली तर तिच्या हाडांची नावं कुठे ठेवायची?

चेसीचा खिडकीशी असलेला संबंध मात्र विनोदी आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधून इंग्लंडात चौकटीच्या खिडक्यांची पद्धत गेली आणि तिच्यासोबत ‘शासी’ हा शब्द. इंग्रजांनी तो कानानं ऐकला आणि त्यांना वाटलं, हे अनेकवचन असणार. मग एका चौकटीला काय म्हणायचं? त्यांनी शेपूट कापून ‘सॅश’ असं एकवचन तयार केलं. वरखाली सरकणाऱ्या खिडकीला इंग्रजीत आजही तेच नाव आहे. म्हणजे जे इंग्रज आज आमच्या पोराला ‘शॅसी’ शिकवतात, त्यांच्याच पूर्वजांनी हा शब्द पहिल्यांदा हातात आला तेव्हा तो मोडला, आणि मोडलेला तुकडा खिडकीत बसवून टाकला. नंतर तोफेच्या गाड्याखालची सरकती चौकट म्हणून तोच शब्द फ्रेंचांकडून पुन्हा इंग्रजीत आला, आणि विसाव्या शतकाच्या तोंडाशी मोटारीबरोबर तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला तो जपून ठेवला. तोपर्यंत फ्रेंच बोलणं सभ्यपणाचं लक्षण झालं होतं.

माझे चुलते शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवत. पानाचे खिळे जुळले की ते एका लोखंडी चौकटीत घालून चावीनं आवळत. त्या चौकटीला ते चेस म्हणत. लहानपणी मी ते बघत असे आणि मला वाटे, बुद्धिबळाशी याचं काही नातं असेल, काळेपांढरे चौकोन दिसतातच की. नातं नाही. बुद्धिबळाचा चेस फारसीच्या शाहच्या घरचा, ‘शह’ दिला म्हणतो त्याच घरचा. छापखान्याचा चेस मात्र शासच्या वंशातला, चेसीचा सख्खा चुलतभाऊ. आणि क्रिकेटमध्ये धावांचा पाठलाग करतात तो चेस? तो तिसराच. पण तोही गंमत म्हणजे कापेरेच्याच कुळातला, शिकारीला धरायला धावणं या अर्थानं. झेल घेतात तो कॅचही त्याच शाखेचा. गहुंजेच्या मैदानावर धावांचा चेस चालू असताना सीमेवर कुणी कॅच घेतो आणि बाहेर पार्किंगमध्ये पाच-सहा हजार चेसी उभ्या असतात. सगळे एकाच कुळातले, कुणी कुणाला ओळखत नाही. मुद्रितशोधकाला रात्री झोप न येण्याची कारणं ही असली असतात.

पण मला भाच्याला सांगायची होती ती गोष्ट वेगळीच होती.

जुन्या फ्रेंचमध्ये, म्हणजे साधारण तेराव्या शतकापर्यंत, ‘सीएच’चा उच्चार ‘श’ नव्हता, ‘च’ होता. अगदी आपल्या चहातला च. शेवटचं व्यंजनही तेव्हा गिळत नसत. हा शब्द बाराव्या शतकात लिहिलेला सापडतो, तेव्हा तो म्हणणाऱ्या सुताराच्या तोंडी आरंभी च आणि शेवटी स असणार. पुढे पॅरिसच्या जिभा मऊ झाल्या, चचा श झाला, स विरून गेला. इंग्रजीत याचा फार सुरेख पुरावा उरलाय. जे शब्द फ्रेंचांकडून लवकर आले ते च घेऊन आले, उशिरा आले ते श घेऊन. चीफ आणि शेफ हा मुळात एकच शब्द, अर्थ डोकं, मुख्य. चौदाव्या शतकाच्या आसपास आला तो चीफ, एकोणिसाव्या शतकात स्वयंपाकघरातून आला तो शेफ. चेअर जुनी म्हणून च, मशीन नंतरची म्हणून श. हिंजवडीच्या हॉटेलातले शेफ आणि आपल्या महापालिकेतले चीफ इंजिनियर, दोघांत सुमारे पाचशे वर्षांचं अंतर आहे.

तर काळेवाडीच्या गॅरेजमध्ये तेलकट हाताचा पोरगा ‘चासिस’ म्हणतो तेव्हा तो कुणाकडून शिकलेला नसतो. स्पेलिंग बघून, जसं दिसतं तसं म्हणतो. देवनागरीनं वाढवलेली जीभ आहे, लिहिलं ते म्हणायचं, न म्हणायचं ते लिहायचंच कशाला, हा तिचा बाणा. पण त्या बाण्यानं तो थेट बाराव्या शतकातल्या फ्रेंच सुताराच्या शेजारी जाऊन बसतो. मधले सगळे साहेब ओलांडून. योगायोग आहे, मान्य. तरी मला त्यात सुख वाटतं ते वाटतंच.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात तिची सगळी भाषा फ्रेंच होती. गॅरेज घ्या. फ्रेंचमध्ये गारे म्हणजे आडोशाला लावणं, आधी नावा लावत, मग गाड्या. शोफर म्हणजे तापवणारा. वाफेच्या इंजिनात कोळसा घालून ते तापवणाऱ्या माणसाचं नाव पुढे मोटार हाकणाऱ्याला चिकटलं. आपल्या जुन्या कादंबऱ्यांतून शोफर टोपी घालून दार उघडायचा. आता तो ड्रायव्हर झालाय आणि दार आपलं आपणच उघडतो. कार्बोरेटर, कूपे, लिमोझिन ही नावंही तिकडचीच. कारण उघड आहे. 1891 च्या सुमाराला पॅरिसच्या पानार आणि लव्हासोर यांनी इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि गिअरबॉक्स, आणि जोर मागच्या चाकांना, अशी मांडणी केली. 1895 साली पॅरिसहून बोर्दो आणि परत, अशा शर्यतीत एमिल लव्हासोर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त वेळ जवळजवळ न थांबता एकट्यानं गाडी हाकत पहिला आला. उघड्या गाडीवर, वाऱ्यात. पहाटेच्या आमच्या चेसीवाल्याचा तो आद्य पुरुष म्हणायला हरकत नाही. ती मांडणी आपल्या ट्रकच्या पोटात अजून तशीच आहे.

फक्त मोटारींत ती चेसीच उरलेली नाही. ही गोष्ट आबांना मनापासून पटत नाही, पण खरी आहे. आज चाकणहून बाहेर पडणाऱ्या बहुतेक कारगाड्यांच्या खाली वेगळा सांगाडा नसतो. पत्र्याचं सबंध कवचच भार पेलतं. त्याला मोनोकॉक म्हणतात, तोही फ्रेंच शब्द, कोक म्हणजे अंड्याचं टरफल. 1912 च्या एका फ्रेंच शर्यती विमानावरून हे नाव प्रसिद्ध झालं, 1934 साली सित्रोएननं तशी मोटार मोठ्या प्रमाणावर काढली. आपली अँबॅसिडरसुद्धा, जिला लोक लोखंडाचा रणगाडा समजत, मुळात टरफलच होती. शिडीवाली चेसी होती ती सुमोला. टाटांनी 1994 साली ती आणली आणि तिचं नाव सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावातली सुरुवातीची अक्षरं जोडून ठेवलं. टाटांच्याच टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारणारा हा मराठी माणूस. पण निम्म्या महाराष्ट्रानं गाडीवर जपानी पैलवान पाहिला. आबा त्या लोकांवर अजून चिडतात.

चेसी गेली, पण चेसी नंबर राहिला. दुचाकीलाही असतो, टरफलवाल्या कारलाही असतो. सतरा आकडे-अक्षरं, त्यांत आय, ओ आणि क्यू कधीच नसतात, एक आणि शून्याशी घोटाळा नको म्हणून. टाटांचा नंबर एम-ए-टीनं सुरू होतो, बजाजचा एम-डी-दोननं. नव्या गाडीच्या नोंदणीच्या फॉर्मवर या नंबरचा पेन्सिलीनं घेतलेला ठसा लावावा लागतो. आरटीओबाहेरची एजंट मंडळी त्यात पटाईत असतात. फडक्यानं धूळ पुसतात, कागद दाबून धरतात, वरून पेन्सिल आडवी घासत नेतात आणि काळ्यावर पांढरी अक्षरं उमटत जातात. शाळेत आम्ही नाण्यांचे ठसे घ्यायचो तसे. संगणकाच्या जमान्यात हे टिकून आहे याचं नवल वाटतं, पण कायदा आहे आणि पेन्सिलही आहे.

चोर गाडी नेतात तेव्हा आधी हाच नंबर घासून काढतात. पोलिसांच्या प्रयोगशाळेत तो पुन्हा वर आणता येतो. नंबर ठोकताना घाव पत्र्याच्या आतपर्यंत बसलेला असतो. वरचा थर घासला तरी खालच्या धातूची वीण दबलेलीच राहते, आणि तिच्यावर आम्ल फिरवलं की दबलेली जागा वेगळी झिजते, आकडा दिसू लागतो. हे मला एका फौजदारानं चहा पिता पिता सांगितलं होतं. मी लगेच त्याला शब्दांच्या पोटातल्या पुसलेल्या व्यंजनांविषयी सांगायला लागलो. त्यानं चहा संपवला आणि गेला.

विजेच्या गाड्या आल्यापासून आणखी एक गंमत झालीय. त्यांत बॅटरीची चपटी पेटी तळाशी बसवतात आणि काही गाड्यांत ती पेटीच गाडीचा भार पेलायला मदत करते. काप्सापासून निघालेली बाई फिरून पेटीपाशी आली म्हणायची. असं वर्तुळ नीट जुळलं की मला संशय येतो. कुठेतरी अक्षर सुटलं असणार.

भाच्याला मी यातलं बरंच सांगितलं. सुतार, खिडकी, गोवा, सगळं. तो ऐकत होता, मधून मधून मोबाइल उलटा करून ठेवत होता. शेवटी त्यानं विचारलं, “मग मामा, म्हणू काय?” मी म्हटलं, तुझ्या तोंडात जे येईल ते म्हण, अडवलं तर बाराव्या शतकाचं सांग. त्याची आई आतून म्हणाली, “नोकरी लागू दे आधी त्याला, मग शतकं सांगा.”

मुलाखत झाली. संध्याकाळी तो येताना फाट्यावरून वडापाव घेऊन आला, म्हणजे फार वाईट झालं नसावं. कसली गाडी विचारली, ब्रेकचं काय विचारलं, पगाराचं काय बोलले, सगळं सांगत होता. मला धीर धरवेना.

“आणि ते? चेसीचं विचारलं का?”

“विचारलं की. ट्रकच्याच प्लांटला आहे जागा.”

“मग काय म्हणालास?”

“फ्रेम म्हणालो,” तो म्हणाला आणि मिरची बाजूला काढून ठेवली.